धोंडीरामकाकांच्या चार लेन्स

गेल्या वर्षी अख्खा श्रावण महिना धोंडीरामकाका आमच्याशी रस्त्याच्या पलीकडून बोलत होते. भांडण काही नव्हतं. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच आहे, मधली भिंतसुद्धा एकच. तरी सकाळी मी अंगणात आले की काका लगबगीनं रस्ता ओलांडत, समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन उभे राहत आणि तिथून विचारत, "मॅडम, आज शाळा हाय का सुट्टी?" मधून मोटारसायकल गेली की प्रश्न पुन्हा विचारावा लागे, आणि उत्तर मलाही ओरडूनच द्यावं लागे. आमच्या शाळेचं वेळापत्रक त्या महिन्यात सगळ्या कॉलनीला पाठ झालं.

शेवटी मी विचारलंच, की काका, आमचं काही चुकलं का. त्यांनी तिथूनच खुलासा केला.

"तसं न्हाई. या महिन्यात नव्वद चालू हाय. नव्वदमधून माणूस बघायचा तर एवढं अंतर पायजेच. मुद्दा अंतराचा हाय."

पुढच्या महिन्यात त्यांच्या कॅमेऱ्याची पस्तीस नंबरची लेन्स चालू झाली, तेव्हा आम्हाला श्रावण बरा वाटायला लागला. पस्तीसमध्ये माणूस नीट भरायचा तर फार जवळ जावं लागतं. माझ्या यजमानांचं सेलूच्या बाजारात औषधांचं दुकान आहे. काका तिथं जात आणि काउंटरवरून इतके पुढं वाकून हलक्या आवाजात बोलत की नाकाला नाक लागावं. ते मागत साधी अमृतांजनची डबी. पण औषधाच्या दुकानात असं कानाला लागून बोलणारा म्हातारा काय मागत असेल, याबद्दल गावात दोन-तीन मतं पडली. सुमनकाकूंच्या कानावर ती गेली आणि त्यांनी काकांना महिनाभर दुकानात जायची बंदी केली.

सुमनकाकू म्हणजे काकांच्या पत्नी. गुडघ्यांनी बेजार, पण जीभ ठणठणीत. "दुसऱ्याचा नवरा रिटायर झाला की देवाला लागतो," त्या मला म्हणाल्या होत्या, "आमचा डब्याला लागला."

तो डबा म्हणजे एक जुना रशियन बनावटीचा कॅमेरा. काका जमीन मोजणीच्या खात्यात होते. तीस-पस्तीस वर्षं या जिल्ह्यातल्या काळ्या रानांतून साखळी ओढत हिंडले. निवृत्त झाले त्या सुमाराला परभणीत एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता. मालक काकांच्या ओळखीचा. त्यानं काउंटरखालून हा कॅमेरा काढला, आणि त्याच्याबरोबर चार पायमोज्यांत गुंडाळलेल्या चार लेन्स. काका एसटीनं घरी आले ते ती पिशवी मांडीवर घेऊन. काकूंना वाटलं, मोजे आणले.

हा कॅमेरा रेंजफाइंडर जातीचा आहे. मला फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण काकांनी मला इतक्या वेळा समजावलंय की आता मी पाचवीच्या वर्गाला शिकवू शकेन. याच्या कोपऱ्यात एक बारीक खिडकी असते. तिला डोळा लावला की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसतो, आणि त्या चौकोनात समोरची वस्तू दोनदा दिसते. एक खरी आणि एक भुतासारखी, जरा सरकलेली. लेन्सचं कडं फिरवत गेलं की ते भूत हळूहळू सरकतं आणि खऱ्यावर जाऊन बसतं. दोन्हींचं एक झालं की अंतर बरोबर जमलं. मग बटण दाबायचं.

काकांना या गोष्टीचा जो आनंद होता तो बघण्यासारखा होता. "आयुष्यभर एकाचे दोन करत आलो, मॅडम," ते म्हणत. "भावाभावांचं एक रान असायचं. मी जायचो, साखळी टाकायचो, दगड रोवायचो, अन् दोन रानं करून यायचो. दोघंबी मलाच शिव्या द्यायचे. हे उलटं हाय. ह्यात दोनाचं एक करावं लागतंय, तवा कुठं फोटो निघतो."

आता लेन्सबद्दल. त्या चार होत्या आणि प्रत्येकीला नंबर होता, काकांच्या भाषेत गट नंबर. पस्तीस, पन्नास, नव्वद आणि एकशे पस्तीस. नंबर जितका लहान तितकं जास्त मावतं, पण जवळ जावं लागतं. नंबर मोठा झाला की लांबून घेता येतं, पण मग एकच माणूस हाती लागतो. काकांनी त्यांची ओळख मला करून दिली ती अशी: पस्तीस म्हणजे लग्नातला मामा, सगळ्यांना ओढून एकत्र उभं करणारा. पन्नास म्हणजे चांगला तलाठी, जागेवर जाऊन आहे तेवढंच लिहिणारा. नव्वद म्हणजे विहीणबाई. एकाला धरलं की बाकीचे तिला दिसतच नाहीत. आणि एकशे पस्तीस? तिला हातात घेऊन ते जरा घुटमळले. "ही लांबची पाहुणी हाय," म्हणाले. "हिची अजून नीट वळख व्हायचीय."

यातल्या दोनच ठेवायच्या, असा काकांचा निश्चय होता. पिशवीत चार असल्या की माणूस बघायचं सोडून नुसता बदलत बसतो, असं त्यांचं मत. दोन ठेवायच्या, उरलेल्या कुणा होतकरूला देऊन टाकायच्या. कुठल्या दोन, हे ठरवण्यासाठी प्रत्येक लेन्स महिनाभर वापरून पाहायची. निश्चय सोपा होता. पण बारीबारीनं चारही लेन्सच्या कितीतरी फेऱ्या झाल्या, दोन दिवाळ्या गेल्या, आणि निवड काही होईना. पन्नास तर नक्कीच, असं सोमवारी ठरे. गुरुवारी पन्नासवरच संशय येई. काकू म्हणत, आमच्या पोरीसाठी स्थळ बघताना ह्यांनी एवढा वेळ घेतला नव्हता.

आणि या सगळ्या काळात काकांनी फोटो किती काढले असतील? संक्रांतीला माझ्या घरी हळदीकुंकू होतं. काका कॅमेरा घेऊन आले. कॉलनीतल्या सगळ्या बायकांनी काळ्या साड्या नेसल्या होत्या. कुणी पदर सारखा केला, कुणी गजरा फिरवून घेतला, काकांनी रांगेत उभं केलं तशा उभ्या राहिल्या. बटणाचा आवाज तरी किती बारीक, जिरं तडतडावं तसा. तासभर तो तडतडत होता. पुढं महिना गेला, दोन गेले, बायका मला विचारायला लागल्या, फोटो कुठंयत. मी काकांकडं गेले.

"कसले फोटो?" काका म्हणाले.

"संक्रांतीचे."

"रोल कुठं घातलाय अजून? आत्ता निवड चालू हाय."

हे बायकांना सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी कुणी तिळगुळासारखं गोड बोललं नाही.

मला या माणसाचं कुतूहल वाटायला लागलं ते तेव्हापासून. रोल न घालता दोन वर्षं नुसतं अंतर मोजत हिंडणाऱ्या माणसाला फोटो काढायचाय तरी कशाचा? मी तसं सरळ विचारलंही. "आधी अंतर ठरू द्या," एवढंच उत्तर मिळालं.

मग मी जरा लक्ष ठेवायला लागले. आठवडी बाजारात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. काका कॅमेरा गळ्यात घालून भाजीच्या रांगेतून जात, पण थांबत ते फक्त म्हाताऱ्या बायकांसमोर. मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली एखादी आजी बघायची, लांबून डोळ्याला कॅमेरा लावायचा आणि एकेक पाऊल पुढं यायचं. आजीचं लक्ष गेलं, तिनं पदर तोंडावर ओढला, की काका जिथल्या तिथं थांबत. पायाखालच्या जमिनीकडं बघत, जणू तिथं दगड रोवायचा आहे. मग दुसरी आजी. एका मिरचीवाल्या म्हातारीनं त्यांना असं काही सुनावलं की शेजारचा कांदेवाला तराजू खाली ठेवून ऐकत बसला. काकांनी गुमान ऐकून घेतलं, वर तिच्याकडून पावशेर मिरच्या घेतल्या.

मी चेष्टा केली, की काका, तुमची निवड लेन्सची चाललीय का म्हाताऱ्यांची? काका पिशवीतल्या मिरच्या सारख्या करत राहिले.

उलगडा झाला तो यंदाच्या दिवाळीनंतर. एका रविवारी सकाळी काका आमच्या दारात आले. रस्त्याच्या पलीकडूनही नाही आणि नाकाला नाक लावूनही नाही. साध्या माणसासारखे उंबऱ्याशी उभे होते. अक्काला पंधरा दिवस ताप होता, आता उतरलाय, पण गावाकडनं फोन आला तो उशिरा आला, असं म्हणाले. गाडीनं नेऊन आणता का, असं त्यांनी विचारलं. यजमानांना दुकान होतं. मी म्हणाले, मी येते.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, हे मला ऐकून माहीत होतं. गाव मानवतच्या पलीकडं, आत, कच्च्या रस्त्याला. काकूंचे गुडघे त्या रस्त्याला तयार नव्हते. त्यांनी लाडवांचा डबा दिला. काकांच्या खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी होती आणि तिच्यात चारही मोजे होते.

कापसाचे दिवस. जिनिंगकडं निघालेले टेम्पो इतके फुगून चालले होते की रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे झुपके लागले होते. एका टेम्पोच्या मागं आम्ही बराच वेळ अडकलो. काका आपणहून बोलायला लागले.

आई त्यांच्या जन्मानंतर लगेच वारली. अक्का तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, नुकतं लग्न ठरलेलं. "लग्नात पोरी भांडीकुंडी नेतात," काका म्हणाले, "अक्कानं मला नेलं." सासरच्यांनी कुरकुर केली असणार, पण तिनं त्यांना वाढवलं, शाळेत घातलं, मोजणी खात्यात नोकरी लागेपर्यंत आपल्याच घरात ठेवलं. आता ती ऐंशीला टेकलीय. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. पुतण्याच्या कुटुंबात राहते. आणि तिचा एकही फोटो नाही.

मी म्हणाले, एक तर असेलच. आधार कार्डावर?

"आधार कार्डावर फोटो हाय," काका म्हणाले. "त्यात अक्का न्हाई. डोळे असे गच्च मिटून घेतलेत. तिसऱ्या खेपेला त्या पोरानं हात टेकले."

कॅमेरा दिसला की ती पदर ओढते, आत निघून जाते. लग्नकार्यातही आणि नातवंडांच्या मोबाइलसमोरही. का, ते काकांनी विचारून पाहिलं होतं. ती सांगत नाही. म्हणून त्यांनी हे सगळं मांडलं होतं. म्हाताऱ्या माणसाला किती अंतरावरून कॅमेरा जाणवतो, कितीवरून जाणवत नाही. आवाज न करणारा कॅमेरा आणि बरोबर नंबरची लेन्स हाती असली, तर लांबून, तिला कळूही न देता...

"म्हणजे चोरून," मी म्हणाले.

काकांनी पिशवीचा पट्टा सारखा केला. मग म्हणाले, "तिथंच तर घोडं अडलंय, मॅडम. लांबून घेतला तर निघंल फोटो. पण त्यात अक्का कोंबड्यांकडं बघत असंल, न्हाई तर चुलीकडं. माझ्याकडं बघताना ती जशी दिसती, तशी न्हाई यायची. अन् जवळून घ्यावा तर ती बसत न्हाई."

दोन वर्षं निवड का होत नव्हती, ते मला त्या टेम्पोच्या मागं कळलं.

पोचलो तेव्हा घरात अक्का एकट्याच होत्या. बाकी सगळे कापूस वेचायला रानात. बारीक अंगाच्या, पाठीत वाकलेल्या, आणि तापातून उठल्यात हे सांगितल्याशिवाय कळू नये अशा चपळ. त्यांनी भावाच्या तोंडावरून हात फिरवला, वाळलास म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघून सून कुठाय असं विचारलं. भावजयीला त्या सूनच म्हणतात. लाडवांचा डबा बघितल्यावर काकू का आल्या नाहीत ते त्यांना आपोआप कळलं. भाकरी टाकते म्हणून आत जायला निघाल्या, पण दारातच ज्वारी पाखडायची राहिलेली दिसली, तिथं सूप घेऊन बसल्या.

काका हळूच उठले. गोठा बघून येतो, असं उगाच म्हणाले. थोड्या वेळानं मी पाहिलं तर अंगणाच्या पार टोकाला, कडब्याच्या गंजीमागं ते उकिडवे बसले होते आणि गंजीच्या कडेनं एकशे पस्तीसचं लांबट तोंड बाहेर आलं होतं. त्यांच्याजवळ एक शेळी उभी होती आणि ती त्या लेन्सकडं फार संशयानं बघत होती.

अक्कांनी सुपावरची नजर उचललीसुद्धा नाही. "धोंड्या," त्या म्हणाल्या, "तिथं कशाला लपायलास? काट्यांत बसशील."

आणि सूप बाजूला ठेवून, पदर पुढं ओढून आत निघून गेल्या. काका गंजीमागून उठले. साठी ओलांडलेला माणूस, पण चोरी सापडलेल्या पोरासारखे दिसत होते.

मी अक्कांच्या मागोमाग आत गेले. चूल पेटलेली होती, त्यांनी परातीत पीठ घेतलं. मी पाणी कोमट करून दिलं. मग मी त्यांना सांगितलं. काकांच्या वतीनं रदबदली करायची म्हणून नव्हे. मला ते पोटात ठेववेना एवढंच. चार लेन्स, महिन्या-महिन्याची बारी, कडुलिंब, बाजारातली मिरचीवाली, सगळं. कडुलिंबाचं ऐकून त्या हसल्या. मिरचीवालीला अजूनच. मग त्यांचा हात पिठात थांबला.

"दोन वर्षं? निस्तं माझ्या फोटोपायी?"

मी हो म्हणाले.

त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. आणि तव्याकडं बघत बघत सांगितलं. त्यांना एक मुलगा झाला होता. दोन वर्षांचा झाला आणि तापानं गेला. सासऱ्यांनी बैलगाडी पाठवून मानवतहून फोटोवाला आणवला, नातवाची आठवण राहावी म्हणून. तशी तेव्हा रीतच होती. पोराला नवं अंगडं घातलं, काजळ घातलं, अक्कांच्या मांडीवर झोपल्यासारखं ठेवलं. फोटोवाल्यानं समोर तिकाटण्यावर डबा उभा केला आणि डोक्यावर काळं फडकं घेतलं.

"लई वेळ लावला त्यानं," अक्का म्हणाल्या. "मी खाली बघायची, की तो म्हणायचा, बाई, हिकडं बघा. डब्याकडं बघा. मांडीवर माझं लेकरू, अन् मी डब्याकडं बघत बसले. फोटो झाला तसं माणसांनी उचलून नेलं त्याला. मला बघायचंच ऱ्हायलं."

भाकरी फुगली. त्यांनी ती काढून टोपलीत उभी केली. तो फोटो सासऱ्यांच्या पेटीत होता, पुढं वाळवीनं खाल्ला. अक्कांनी तो कधी हातात घेतलाच नव्हता. धोंड्याला त्या वेळी आठ दिवस मामाच्या गावाला धाडलं होतं. लहान होता. त्याला यातलं काही ठाऊक नाही.

"त्यांना सांगू का मी?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "सांग. पण वाटंनं सांग, हितं नको. मला न्हाई जमायचं."

दुसरी भाकरी झाल्यावर त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेर गेल्या. काका ओट्यावर बसून लेन्स मोज्यात घालत होते. अक्का त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आण तो डबा इकडं, मला बघू दे त्यात काय दिसतंय ते.

काकांनी हातातला मोजा बाजूला ठेवला. त्यांनी कॅमेऱ्याला पन्नास लावली. त्या दिवशी आत रोल होता, हे मी मुद्दाम सांगते. अक्कांना त्यांनी खिडकी दाखवली, कडं कसं फिरवायचं ते दाखवलं आणि स्वतः समोर जाऊन उभे राहिले. अक्कांनी डोळा लावला.

"दोन धोंडे दिसायलेत," त्या म्हणाल्या.

"कडं फिरव हळूहळू. एक झाला की सांग."

अक्कांनी फिरवलं. पुढं नेलं, मागं आणलं. बराच वेळ त्या त्यातून भावाकडं बघत राहिल्या. मग बोट शोधत शोधत बटणावर गेलं आणि तो बारीक आवाज झाला. मग त्यांनी कॅमेरा काकांच्या हातात दिला, ओट्यावर बसल्या, पदर डोक्यावरून नीट घेतला. "काढ," म्हणाल्या. "पण मी त्या डब्याकडं बघणार न्हाई."

काका काय करतील ते मला कळेना. पण त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. अक्कांपासून दोन-अडीच हातांवर जमिनीवर मांडी घातली, आणि कॅमेरा उजव्या डोळ्याला लावून दाखवला. या जातीच्या कॅमेऱ्याची खिडकी एका टोकाला असते. त्यामुळं काढणाऱ्याचा अर्धा चेहरा मोकळा राहतो, डावा डोळा उघडा दिसतो.

"डब्याकडं नको बघू," ते म्हणाले. "हा डोळा माझाच हाय. ह्याच्याकडं बघ."

अक्का त्या डोळ्याकडं बघायला लागल्या. काकांनी कडं फिरवायला सुरुवात केली आणि फिरवतच राहिले. दोन्हींचं एक होईना. मला जिथून दिसत होतं तिथून कारण कळत होतं. तो मोकळा डोळा भरून आला होता, दुसराही आलाच असणार. अक्कांनी काही घाई केली नाही. अधूनमधून एखादी कोंबडी मधून जात होती.

जेवून निघालो. मानवत मागं पडल्यावर मी काकांना वाटेतच सगळं सांगितलं. पुढं एका रानाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, उतरले आणि बांधावर जाऊन पाठमोरे उभे राहिले. परत येऊन बसल्यावर म्हणाले, "मामाच्या गावाहून आलो तवा पाळणा काढलेला होता. मला झोपायला जागा मोठी झाली. मी इचारलंबी न्हाई कुणाला."

रोल हैदराबादला धुवायला गेला आणि तीन आठवड्यांनी पाकीट आलं. काकांनी मला हाक मारली. अक्कांचा फोटो मी पाहिला. त्या जरा बाजूला बघतायत, डब्याच्या शेजारी, आणि चेहऱ्यावर असं काही आहे की आता उठून कुणाचं तरी नाक पुसतील. काकांनी तो दोन्ही हातांत धरला होता. मला द्यायचं त्यांच्या लक्षातच येईना.

पाकिटात खाली अक्कांनी काढलेला काकांचा फोटो होता. जरासा तिरका, कपाळ थोडं कापलेलं, पण चेहरा अगदी स्वच्छ. तो सुमनकाकूंनी उचलला. चष्मा पदरानं पुसला, फोटो खिडकीजवळ नेला आणि पाहत राहिल्या. मी वाट बघत होते की आता काहीतरी खमंग येणार.

"एवढी वर्षं संसार केला," त्या म्हणाल्या. "हे असं तोंड मला एकदाबी बघायला मिळालं न्हाई."

अक्कांचा फोटो काकांनी टेबलावर ठेवला. आत गेले, कॅमेरा आणला, त्याचा पट्टा काकूंच्या गळ्यात घातला आणि समोरचं स्टूल ओढून त्यावर बसले. हात गुडघ्यांवर. काकूंना खिडकी कुठली, बटण कुठलं, काही ठाऊक नव्हतं. त्या कॅमेरा उलटसुलट करून बघत होत्या. दिवसभर समजावत सुटणारा माणूस, पण काही सांगत नव्हता. नुसता काकूंकडं बघत बसला होता.

नळाला पाणी आलं असेल, असं म्हणून मी उठले. तो पाण्याचा दिवस नव्हता.